टोपीचा रूळ

मधल्या मुलीने रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं, तेव्हा आप्पांनी गृहीतच धरलं की हे आपल्या रुळासाठी असणार. तिच्या घरामागच्या रेल्वेच्या वळणावर त्यांनी आखलेला टोपीचा रूळ बसवून वर्ष होत आलं होतं. वर्षभर त्याच्यावरून गाड्या गेल्या आणि एकही घसरली नाही. अशा वेळी घरच्या माणसांनी एकत्र बसावं, चार घास खावेत, यात त्यांना काही जास्त वाटत नव्हतं. बायको असती तर तिने हे कधीच केलं असतं. ती गेल्यापासून एकमेकांना बोलवायचं कुणाला सुचतच नव्हतं. आता सुचलं, आणि तेही मधलीला, याचं त्यांना राहून राहून बरं वाटत होतं. तिचं आणि त्यांचं कधी फारसं जमलं नव्हतं.

जाताना त्यांनी पिशवीत एक नवी टोपी घेतली. हातभर लांबीचा पोलादाचा तुकडा, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. बसमध्ये तो मांडीवर ठेवला तर पाय बधिर झाले. शेजारच्या बाईने काहीतरी विचारलं. आप्पा नेहमीसारखं हसून "हो, हो" म्हणाले. बाईने चमत्कारिक नजरेने पाहिलं आणि उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली. काय विचारलं होतं कोण जाणे.

तरुणपणी कारखान्यात घणाच्या यंत्राशेजारी काढलेल्या वर्षांनी त्यांचे कान खाल्ले होते. जाड आवाज अजून पोहोचत. बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले होते, पाखरांचे, चमच्यांचे, मग बायकांच्या आणि मुलांच्या बोलण्यातले अर्धे. धाकटीने कानाचं यंत्र घेऊन दिलं होतं. ते लावलं की ताटल्या घणासारख्या आदळत आणि शब्द तसेच गढूळ राहत. ते कपाटात पडून होतं. बायको होती तोवर अडलं नव्हतं. ती जेवताना त्यांच्या उजव्या हाताला बसे आणि सगळ्यांच्या बडबडीतलं कामाचं तेवढं त्यांच्या कानाशी सांगे. "थोरला म्हणतोय, त्याला बढती मिळाली." "धाकटी चिडलीय, तिच्याकडे बघा." ती गेल्यावर माणसं तितकीच बोलत होती, पण सांगणारं कुणी उरलं नव्हतं. आप्पा इतर हसले की हसत. इतर गप्प झाले की स्वतः बोलायला लागत, कारण स्वतःचं बोलणं निदान समजत होतं.

मधलीचं घर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. मागे हातरुमालाएवढं अंगण, त्याला तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे खडी, स्लीपर, रूळ. नवरा बोटीवर नोकरीला, घरी कमी आणि समुद्रावर जास्त. बाळाचा जन्म रूळ बसल्यानंतरचा. मधलीने दार उघडलं तेव्हा आप्पांना तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. तान्ह्या बाळाची आई म्हटल्यावर हे चालायचंच, असं त्यांना वाटलं.

थोरला आधीच आला होता. आप्पा निवृत्त झाले त्याच कारखान्यात तो आता रुळांच्या चाचण्या बघत होता. त्याची बायको टेबलावर ताटल्या मांडत होती. धाकटी खिडकीत बाळाला घेऊन उभी होती.

"आप्पा, पिशवीत काय दगड भरलेत का?" सून पिशवी घेताना वाकली आणि ओरडली. ती नेहमीच मोठ्याने बोलायची, त्यामुळे आप्पांना ती आवडायची.

"दगड नाही, सूनबाई. सोनं आहे. जेवताना दाखवतो."

आणि जेवताना त्यांनी दाखवलं. पाव, बटाट्यांचा रस्सा आणि मासा बाजूला सारून टोपी टेबलाच्या मधोमध ठेवली. हे सगळं त्यांनी आधी कितीदा तरी सांगितलं होतं. तरी पुन्हा सांगितलं. साधा रूळ एकसंध असतो. वळणावर चाकाची कड त्याच्या डोक्याला एका बाजूने घासते, आणि अंगठ्याएवढं पोलाद झिजलं की आख्खा रूळ फेकून द्यावा लागतो. खालचं बूड नव्यासारखं असतं तरीही. तो आख्खा रूळ उचलायला टोळी लागते, आणि टोळीत माणसं असतात.

"आबांसारखी," धाकटी म्हणाली. ते आप्पांनी तिच्या ओठांवरून ओळखलं आणि मान हलवली.

आबा म्हणजे त्यांचे वडील. रूळ बदलताना पुढच्या माणसाचा पाय घसरला आणि सगळा भार आबांच्या उजव्या खांद्यावर आला. त्यानंतर तो हात छातीच्या वर कधी गेला नाही. शाळेत जाण्याआधी आबांच्या सदऱ्याची बटणं आप्पा लावून देत. आबा तेवढा वेळ भिंतीकडे बघत उभे राहत.

"आता हे बघा." आप्पांनी टोपीवर बोट फिरवलं. "बूड स्लीपरवर कायमचं. झिजते ती फक्त टोपी. खालून पाचर काढायची, टोपी सरकवायची, उलटी करून दुसऱ्या बाजूने वापरायची. तीही झिजली की नवी. दोन माणसं, दोन पाने. टोळी नको, खांदे नकोत."

"वा, आप्पा," थोरला म्हणाला.

तेवढ्यात गाडी आली. आप्पांना ती पायांखाली कळली. जमीन थरथरली, ग्लासातलं पाणी थरारलं. त्यांनी खिडकीतून मालगाडीचे डबे वळणावरून झुकत जाताना पाहिले आणि त्यांचं मन भरून आलं. मग त्यांनी टेबलाकडे पाहिलं. थोरल्याने डोळे मिटून घेतले होते. सुनेचा घास हातातच राहिला होता. धाकटीने बाळाचे कान तळव्यांनी झाकले होते आणि बाळाचं तोंड इतकं उघडलं होतं की आतली पडजीभ दिसत होती. मधली नुसती ताटलीकडे बघत होती.

शेवटचा डबा गेला.

"बघा," आप्पा म्हणाले, "कशी मुकाट्याने गेली! आणि बाळाला दूध द्या गं कुणीतरी. भूक लागलीय त्याला."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरून ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिला हसू आलं की काय, ते आप्पांना कळलं नाही. मग थोरला उठला. मग बाळाला पाळण्यात ठेवून धाकटी. शेवटी मधली. आप्पा टेबलाशी एकटेच राहिले, समोर पोलादाचा तुकडा.

स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. आप्पांपासून काही लपवायला दार लावावं लागत नसे.

"तू सांगणार होतास, दादा," मधली म्हणाली.

"सांगतो ना. जेवण होऊ दे."

"झालं की जेवण."

"गोड व्हायचंय अजून," सून म्हणाली. तिचे डोळे ओले होते. "तोंड गोड करून सांगा, म्हणजे तेवढं कडू लागणार नाही."

"थट्टा नको गं." थोरल्याने चष्मा काढून पुसला. "मंगळवारी टोळी येतेय रूळ काढायला. मी आप्पांना सांगतो की या जातीचं पोलाद मिळेनासं झालं, म्हणून प्रयोग थांबवला. म्हणजे कुणाला टोचणार नाही."

"हेच बरं," धाकटी म्हणाली. "त्यांच्याकडे दुसरं राहिलंय काय? आई गेली. सकाळी उठून आकृत्यांवर बसायचंय, म्हणून तरी उठतात. ताई, तू काही बोलू नकोस, हात जोडते."

"आणि पोलाद मिळायला लागलं तर?" मधली म्हणाली. "ते दुसरं वळण शोधतील. तिथेही मागच्या खोलीत कुणीतरी झोपत असेल."

"कारखान्यानेच काढायचं ठरवलंय ना? मग आपण कशाला त्यात पडायचं?"

थोरला आणि मधली एकमेकांकडे बघेनात. धाकटीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काय झालंय?"

"कारखान्याने आपणहून नाही ठरवलं," मधली म्हणाली. "या ओळीतल्या सगळ्या घरांची सभा झाली. कारखान्याची माणसं आली होती. आधी कुणी बोलेना. मग मी उठले."

"तू? आप्पांच्या रुळाविरुद्ध?"

"बाळ झोपत नाही. मी झोपत नाही. पलीकडच्या घरातल्या म्हातारबाई भिंतीला गादी लावून झोपतात. मी झोपले कधी, आठव बरं. तुला फोन करते तेव्हा मध्येच गप्प होते ना मी? तेव्हा गाडी जात असते."

"आणि दादा, तू तिथे होतास?"

"टेबलाच्या पलीकडे बसलो होतो," थोरला म्हणाला. "कारखान्याच्या बाजूने. हिचं ऐकून घेतलं आणि लिहून घ्यायला सांगितलं."

"मला एका शब्दाने सांगितलं नाहीस!" धाकटीचा आवाज चढला. "तुम्ही दोघांनी मिळून त्यांना उघडं पाडलंत, आणि मी येडी इथे खोटं बोलायला तुमच्या बाजूने उभी राहतेय!"

"मी यांना म्हटलं होतं," सून मध्ये पडली, "की आधी घरात बोला, मग सभेत. पण या घरात आधी बाहेर बोलतात आणि मग घरात कुजबुजतात."

"कुजबुजायचं तरी कशाला?" मधली म्हणाली. "ओरडलं तरी त्यांना..."

आणि ती थांबली, कारण आप्पा दारात उभे होते, हातात स्वतःची रिकामी ताटली घेऊन.

चार तोंडं एकदम मिटली, तेवढं त्यांनी पाहिलं. तोंडं अशी मिटलेली त्यांनी यापूर्वी एकदाच पाहिली होती, दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर, बायकोच्या तपासण्या झाल्या होत्या तेव्हा.

"कोण आजारी आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, आप्पा," थोरला म्हणाला.

"बाळाला काही झालंय का? खरं सांगा. सारखं तोंड उघडून असतं ते."

मधलीने त्यांच्या हातातली ताटली घेतली. त्यांना दंडाला धरून टेबलाशी आणून बसवलं आणि त्यांच्या उजव्या हाताची खुर्ची ओढून ती जवळ बसली. त्या जागेवर गेली दोन वर्षं कुणी बसत नव्हतं. आप्पांना ते जाणवलं आणि का कोण जाणे, भीती आणखी वाढली.

"आप्पा," ती त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुमचा रूळ ओरडतो."

आप्पांचा चेहरा खुलला. "उरणारच! तेच तर सांगतोय मघापासून. वरची टोपी झिजते, खालचा सगळा रूळ उरतो!"

धाकटीने तोंड फिरवलं.

"उरतो नाही. ओरडतो."

"काय करतो?"

"ओरडतो!" मधली ओरडली. "आवाज करतो! गाडी आली की किंचाळतो! दिवसा आणि रात्री!"

खिडकी उघडी होती. पलीकडच्या अंगणात कपडे वाळत घालणारी म्हातारी वळून बघायला लागली. इतकं मोठ्याने बोलावं लागल्यावर कुठलीही गोष्ट शिवीसारखीच लागते. मधलीच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि आप्पांना आधी एवढंच वाटलं की हिला हे इतकं ओरडून सांगायला लावणारे आपणच.

मग शब्द आत उतरले.

"मंगळवारी काढणार आहेत," ती थोड्या खालच्या आवाजात म्हणाली. हे मात्र त्यांना पहिल्या झटक्यात समजलं.

"कुणी तक्रार केली?"

"सगळ्यांचंच म्हणणं होतं, आप्पा," थोरला घाईने म्हणाला. "एकट्या कुणाचं..."

"मी केली," मधली म्हणाली. "सभेत उठून."

आप्पांनी टोपीवर हात ठेवला. पोलाद गार होतं. "तुझ्या आजोबांचा खांदा," त्यांनी सुरुवात केली, पण पुढचं वाक्य जमेना. त्यांनी थोरल्याकडे पाहिलं.

"तुला ऐकू येत होतं?"

थोरल्याने पुन्हा चष्मा काढला.

"चाचण्या तू बघतोस. पहिल्या दिवसापासून वळणावर उभा होतास माझ्या शेजारी. गाडी गेल्यावर मी तुला विचारलं, कशी वाटली? तू म्हणालास, छान. तुला तेव्हा ऐकू येत होतं?"

"तेव्हा आवाज कमी होता. पण होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही खूश होता, आप्पा," थोरला म्हणाला. पन्नाशीला आलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा हात मागे बांधून उभा होता. "आई गेल्यावर पहिल्यांदाच तुम्ही हसलात, त्या दिवशी."

"आणि तू?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"मला वाटलं, दादा काहीतरी करेल."

"सूनबाई?"

"मी मोठ्याने बोलते, आप्पा," सून म्हणाली. या वेळी ती मोठ्याने बोलली नाही, पण त्यांनी ते ओठांवरून वाचलं. "म्हणून मला गप्प बसवलं होतं सगळ्यांनी."

आप्पांना रुळाचं वाईट वाटत होतं, पण त्याहून दुसरंच काहीतरी आतून पोखरत होतं. या वर्षभरात ते प्रत्येकाच्या घरी जाऊन रुळाबद्दल बोलले होते. फोनवर बोलले होते. बसथांब्यावर भेटलेल्या जुन्या सोबत्यांना अभिमानाने सांगितलं होतं. आणि समोरचा प्रत्येक जण मान डोलावून वा, वा म्हणत होता, तापात बरळणाऱ्या माणसाची बडबड ऐकून घ्यावी तशी. त्यांना वाटत होतं की आपण सगळ्यांमध्ये आहोत. खरं म्हणजे ते वर्षभर एका खोलीत एकटेच बोलत होते.

"पुढची गाडी कधी आहे?" त्यांनी मधलीला विचारलं.

"येईल इतक्यात."

"मला तुझ्या खोलीत ने."

मागच्या खोलीत पाळणा भिंतीला लागून होता. भिंतीपलीकडे अंगण आणि वळण. आप्पा स्टुलावर बसले आणि त्यांनी पाळण्याच्या लाकडी कठड्यावर दोन बोटं टेकली. बाळ त्यांच्याकडे टक लावून बघत होतं. मधली दाराला पाठ लावून उभी राहिली.

गाडी आली. आधी तीच जमिनीतली ओळखीची धडधड. पण तिच्यावर, बोटांच्या टोकांना, आणखी काहीतरी होतं. कानशीने लोखंड घासताना हाताला लागते तशी बारीक, तिखट कंपनं. ती थांबत नव्हती. बाळाचं तोंड उघडलं. आप्पांनी दुसरा हात त्याच्या छातीवर ठेवला, तर ती छोटीशी छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यांना रडणं ऐकू येत नव्हतं, पण तळव्याखाली ते सगळंच्या सगळं होतं.

गाडी गेल्यावर ते म्हणाले, "आता सांग मला. नीट सांग. मी तुझ्यावर रागावलो नाही, रागवायचं नंतर बघू. आवाज कसा आहे?"

मधलीने बाळाला उचलून खांद्यावर घेतलं आणि त्यांच्यासमोर पाळण्याच्या कडेला टेकली. "दोन आहेत," ती म्हणाली. "एक ताटलीवर सुरी ओढल्यासारखा."

"तो चाकाच्या कडेचा. तो साध्या रुळालाही असतो, कमी. दुसरा?"

"दुसरा खटखट. प्रत्येक चाकाला. कपबशा कुणीतरी एकमेकांवर आपटत जावं तसा."

"चाक वर आलं की होतो, की पुढे गेलं की?"

तिने डोळे मिटले. "पुढे गेलं की. आणि गाडी निघून गेल्यावरही थोडा वेळ राहतो. तो जास्त वाईट. संपला असं वाटतं आणि संपलेला नसतो."

आप्पांनी मान खाली घातली. त्यांना ते दिसलंच, आकृती समोर पसरली असती तरी इतकं स्वच्छ दिसलं नसतं. चाकाखाली टोपी दबत होती आणि चाक सुटलं की उचलली जात होती. केसाएवढी फट. तिच्यात खडीची धूळ, त्या धुळीने दोन्ही बाजूंचं पोलाद खाल्लेलं, मग फट आणखी मोठी.

"पाचर घट्ट करून जातात का?"

"दर आठवड्याला दोघं जण येतात. ते गेले की एक दिवस बरं असतं."

"आणि मग पुन्हा."

"पुन्हा."

"कितीही आवळलं तरी दोन तुकडे ते दोनच," आप्पा म्हणाले. "मला वाटलं होतं पाचर धरून ठेवेल. कागदावर धरत होती." ते स्टुलावरून उठले. "तू हे मला आधी का नाही सांगितलंस? सभेत सांगितलंस. मला नाही."

"दोनदा सांगितलं, आप्पा," मधली म्हणाली. "फोनवर. तुम्ही हो, हो म्हणालात आणि हसलात."



बाहेर येऊन आप्पांनी थोरल्याला फक्त एवढंच सांगितलं, "काढा. आणि पोलादाचं कारण सांगू नकोस कुणाला. आवाज करतो म्हणून काढला, असंच सांग." धाकटी रडत होती. तिने आप्पांना घरी सोडायला येते म्हटलं. ते नको म्हणाले. जाताना मधलीशी ती एक अक्षर बोलली नाही, दारातून नुसती निघून गेली. सुनेने भांडी घासून ठेवली आणि गोडाची वाटी तशीच झाकून ठेवली. कुणालाच ते आठवलं नव्हतं.

मंगळवारी आप्पा आले, तेव्हा टोळी कामाला लागली होती. थोरला बरोबरच्या साहेबांशी बोलत होता, त्याने लांबूनच मान हलवली. धाकटी आली नाही. आप्पा कुंपणाला टेकून उभे राहिले. माणसं पाचरी ठोकून काढत होती, टोप्या सरकवून खडीवर ठेवत होती. काम इतकं सोपं आणि झटपट चाललं होतं की आप्पांना पाहवेना. त्यांनी आखलं होतं अगदी तसंच. फक्त आज टोप्या परत बसणार नव्हत्या.

टोळीचा मुकादम हातातला पाना पुसत कुंपणाशी आला. तो जुना माणूस होता, आप्पांच्या समोर येऊन, तोंड नीट उघडून बोलायचं त्याला ठाऊक होतं.

"आमच्यासाठी बरा होता, साहेब," तो म्हणाला. "आमच्या पोरांना सवय लागली होती त्याची."

"आवाज करतो."

"आम्ही काय, काम झालं की घरी जातो." मुकादमाने ओळीतल्या घरांकडे पाहिलं. "यांचं घर इथे आहे."

आप्पांनी बूड बघायला मागितलं. मुकादमाने एक तुकडा उलटा करून दाखवला. खालून तो कालच साच्यातून काढल्यासारखा होता. वरच्या कडेला मात्र, जिथे टोपी बसत होती, तिथे एक अरुंद पट्टा आरशासारखा चकाकत होता. वर्षभर न थांबता घासला गेलेला. आप्पांनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि बोट खिशात घातलं.

मग नवा रूळ आला, एकसंध, लांब. माणसं दोन्ही बाजूंना उभी राहिली, त्यांनी चिमटे लावले, मुकादमाने हात वर केला, सगळ्यांची तोंडं एकदम उघडली आणि रूळ उचलला गेला. कमरा वाकल्या, मानेच्या शिरा ताठ झाल्या. आप्पांना त्यांचा हाकारा ऐकू आला नाही. ते प्रत्येकाच्या पायाकडे बघत होते, खडीवर कुणाचा पाय सरकतोय का ते. कुणाचाच सरकला नाही. रूळ जागेवर बसला, तेव्हा त्यांना कळलं की आपण इतका वेळ श्वास रोखून धरला होता.

दुपारी टोळी गेली. साहेबांच्या गाडीतून थोरला गेला. आप्पाही निघाले होते, पण मधलीने कुंपणाच्या फाटकातून हाताने खूण केली, चहा पिऊन जा.

ते आत जाऊन बसले. बाळ पाळण्यात झोपलं होतं. मधलीने चहा आणला आणि ती पुन्हा त्यांच्या उजव्या हाताला बसली. तिला काहीतरी सांगायचं होतं. धाकटी फोन घेत नाही, असं काहीसं. दादाने तिला समजवायला हवं, असंही. आप्पा तिच्या ओठांकडे बघत होते. बोलता बोलता तिचे ओठ मंदावले. एक शब्द अर्धा राहिला. त्यांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, तर ते मिटले होते. कप हातात होता आणि मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती.

आप्पांनी हळूच तिच्या बोटांतून कप सोडवून घेतला.

तेवढ्यात जमीन थरथरायला लागली. त्यांनी घाबरून तिच्याकडे पाहिलं. खिडकीतून मालगाडीचे डबे एकामागून एक वळणावर झुकत गेले. टेबलावरचं पाणी थरारलं. मधली हलली नाही. पाळण्यातही काही हललं नाही. शेवटचा डबा दिसेनासा झाला आणि पाणी पुन्हा स्थिर झालं.

त्यांच्यासाठी ही गाडी रविवारच्या गाडीसारखीच होती. काहीच वेगळं नव्हतं. आता कशी गेली, हे विचारावं असं त्यांना फार वाटलं, आणि विचारायला घरात कुणी जागं नव्हतं.

बस पकडायची होती. पण आपण उठलो तर ही खुर्ची करकरते का, दार उघडताना वाजतं का, आपल्या बुटांचा आवाज होतो का, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. या घरात आजवर ते किती आवाज करत वावरले असतील, तेही माहीत नव्हतं. म्हणून दोन्ही हातांत तिचा कप धरून, पाय जरासुद्धा न हलवता, ते तिथेच बसून राहिले.